टायर काट्याची पावती बघून घ्या



आपल्या अंकात बेणे, लागण, खत, पाणी आणि खोडवा यांवर वेळोवेळी पुष्कळ लिहून येते. ते यायलाच हवे. परंतु फडात तुटलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत मध्ये जी वाट आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. त्या वाटेवर आपल्या वर्षभराच्या कष्टाचा सगळा भार ट्रॉलीखालच्या टायरांवर असतो. इंजिन बिघडले तर ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. भरल्या ट्रॉलीचा टायर फुटला तर ट्रॉली कलंडते, मोळ्या रस्त्यावर पसरतात, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला अंधारात त्यावर येऊन आदळतो. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

पुष्कळ सभासद म्हणतील, "टायर हा वाहतूकदाराचा प्रश्न. आपलं काय त्यात?" आपलं पुष्कळ आहे. २००९-१० च्या हंगामापासून उसाला एफ.आर.पी., म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, लागू झाला. आपल्या महाराष्ट्रात या दरातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम आपल्या हाती पडते. बहुतेक कारखान्यांत हा खर्च सरासरीने धरतात. म्हणजे वाहतूक महाग झाली की ती तुमच्या-माझ्या ऊसबिलातूनच भागते. वाहतूकदाराचे टायर हंगामात दोनदा फुटले, तर तो पुढच्या करारात वाढीव दर मागणारच, आणि त्याचे चुकते असे म्हणता येणार नाही. शिवाय तुटलेला ऊस वाटेत अडकला की उन्हाने वाळतो, वजन घटते आणि साखर उतरते. वजन घटले ते मालकाचे घटले, उतारा घटला तो सगळ्या सभासदांचा घटला. तेव्हा टायर वाहतूकदाराने विकत घेतला असला, तरी त्याची किंमत आपण सगळे मिळून देतो.

लोखंडी धावेपासून टायरपर्यंत

१९५० साली प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षे बैलगाडी हेच ऊस वाहतुकीचे मुख्य साधन होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली ती गाडी रस्ता उखडायची, बैलांच्या माना सोलवटायची आणि भारही बेताचाच न्यायची. पुढे रबरी टायरची गाडी आली. कारखान्यांनी अशा गाड्या घेऊन तोडणी मजुरांना दिल्या, त्यावरूनच 'टायर सेंटर' हा शब्द फडाफडात रूढ झाला. तेच बैल जास्त भार कमी त्रासात ओढू लागले.

त्यानंतर ट्रॅक्टर आले, एका ट्रॉलीच्या दोन झाल्या. आज ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून वीस-बावीस टन ऊस एका खेपेत आणणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. घोडे वाढले, गाडा वाढला, भार वाढला. पण टायर निवडायची आपली पद्धत मात्र बैलगाडीच्याच काळातली राहिली आहे. शेजाऱ्याने कोणता घेतला, दुकानात स्वस्तात कोणता मिळाला, एवढेच आपण पाहतो.

'हत्ती बसवा त्यावर'

टायरच्या दुकानात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक विचारते, "ऊस ओढायचाय, टिकंल का?" दुकानदार टायरवर थाप मारून म्हणतो, "अण्णा, सोळा प्लायचा आहे. हत्ती बसवा त्यावर!" एवढ्यावर सौदा होतो. गिऱ्हाईकाने भार किती ते सांगितलेले नसते आणि दुकानदाराने विचारलेले नसते.

वास्तविक टायर स्वतःच सगळे सांगत असतो. त्याच्या बाजूवर जी अक्षरे आणि आकडे उठवलेले असतात ते वाचायला पाच मिनिटे लागतात. ट्रॉलीला पुष्कळ ठिकाणी ९.००-१६ हे माप चालते. त्यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. पुढे '१६ पी.आर.' असे असते, त्यालाच आपण सोळा प्लाय म्हणतो. पूर्वी सुती धाग्याचे थर मोजून हा आकडा देत. आता नायलॉनचे थर मजबूत असल्याने थर कमी असतात. तेव्हा सोळा प्लाय म्हणजे सोळा थर नव्हेत. ती ताकदीची पायरी आहे. त्याच मापात जास्त प्लायचा टायर जास्त हवा पेलतो आणि म्हणून जास्त भार पेलतो. पण नेमका किती भार, ते प्लायच्या आकड्यावरून कळत नाही.

ते कळते भाराच्या आकड्यावरून. काही टायरांवर तो सरळ किलोत लिहिलेला असतो आणि सोबत किती हवा असता एवढा भार चालेल तेही असते. काहींवर फक्त भाराचा क्रमांक असतो. १३० क्रमांक म्हणजे एका टायरवर १,९०० किलो, १४० म्हणजे २,५०० किलो, १५० म्हणजे ३,३५० किलो. क्रमांकाशेजारी वेगाची खूण असते. 'ए-६' म्हणजे ताशी ३० किलोमीटर, 'ए-८' म्हणजे ताशी ४०. त्या वेगापर्यंत तो भार चालतो. वेग कमी ठेवला तर कंपन्या थोडी सवलत देतात, पण ती कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्यायची, दुकानदाराच्या तोंडून नव्हे.

हिशेब काट्याच्या पावतीचा

आता मुख्य मुद्दा. टायर किती भाराचा घ्यायचा हे ठरवायला भार किती तो आधी कळला पाहिजे. दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला हे अवघड आहे. वीट, वाळू, मुरूम ओढणारा अंदाजाने भरतो. आपल्याला मात्र प्रत्येक खेपेला भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ ऊस असे तिन्ही आकडे छापून हातात मिळतात. ती काट्याची पावती आपण फक्त ऊसबिलासाठी जपतो. टायर घ्यायला निघताना ती खिशात घालून निघावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हिशेब चौथीतल्या पोराला येईल असा आहे. समजा, दोन ट्रॉल्यांत मिळून २२ टन ऊस आला. म्हणजे एका ट्रॉलीत ११ टन. रिकामी ट्रॉली २ टनांची धरली तर एकूण भार १३ टन, म्हणजे १३,००० किलो. टायर चार. प्रत्येकाच्या वाट्याला ३,२५० किलो आले. आता टायरवर जर १४० क्रमांक असेल, तर तो २,५०० किलोंसाठी बनवलेला आहे. म्हणजे प्रत्येक टायरवर ७५० किलो जादा, शेकडा तीस जादा. याला आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

बरे, हा हिशेब सपाट जमिनीवरचा झाला. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या अंगाच्या टायरांवर भार जास्त येतो. फडातून निघताना एक चाक सरीत आणि एक वरंब्यावर असते, तेव्हा तर क्षणभर दोनच टायर सगळी ट्रॉली तोलून धरतात. म्हणून टायरचा आकडा काट्याच्या हिशेबाला काठोकाठ नको, थोडा वरचढच असावा.

यातून दोनच मार्ग निघतात. एकतर ओढायचा तेवढा भार पेलणारे टायर, आणि ते पेलणारे रिम, हब आणि आस बसवा. नाहीतर जे टायर आहेत त्यांना झेपेल तेवढाच ऊस भरा. वरच्या उदाहरणात २,५०० किलोंचे चार टायर दहा टन पेलतात. ट्रॉलीचे दोन टन वजा केले की आठ टन ऊस भरता येतो. तिसरा मार्ग नशिबाचा. आज पुष्कळजण त्याच मार्गाने चालले आहेत.

फुटतो तो उष्णतेने

टायर खिळ्याने किंवा बाभळीच्या काट्याने पंक्चर होतो. पण भरधाव फुटतो तो बहुधा उष्णतेने. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर गेला की पुन्हा सरळ होतो. ९.००-१६ चा टायर एका किलोमीटरला साडेतीनशेहून अधिक फेरे घेतो. फड कारखान्यापासून २५ किलोमीटर असेल, तर एका खेपेत त्याची बाजू नऊ हजार वेळा दबते आणि सरळ होते. एखादी तार हाताने भराभर वाकवून सरळ केली की ती कशी तापते आणि शेवटी तुटते, तसाच हा प्रकार. हवा कमी असेल किंवा भार जास्त असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आतले रबर आणि धागे एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी रिकाम्या खेपेलाही तो फुटतो आणि आपण म्हणतो, "टायर खराब निघाला." टायर खराब निघालेला नसतो, गेल्या महिन्याच्या जादा भाराने तो आधीच मेलेला असतो.

म्हणून हवा ही टायरइतकीच महत्त्वाची. हवा पायाने लाथ मारून किंवा पान्याने ठोकून कळत नाही. शंभर पौंडांचा टायर ऐंशी पौंडांवर आला तरी नजरेला तो तसाच दिसतो. हवा मोजण्याचे साधे मीटर एका पंक्चरच्या त्रासापुढे काहीच नाही. प्रत्येक ट्रॅक्टरवर ते असावे. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. भरली ट्रॉली ओढून आल्यावर टायर तापलेला असतो आणि मीटर जास्त हवा दाखवते. तेव्हा काही ड्रायव्हर भीतीने हवा सोडतात. हे अगदी चूक. थंड झाल्यावर तीच हवा कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी टायर आणखी तापतो.

हंगामाचाही विचार करा. शंभर पौंडांच्या टायरमध्ये दर दहा अंश उष्णतेला सुमारे चार पौंडांचा फरक पडतो. दिवाळीनंतर दुपारच्या उन्हात भरलेली हवा पौषातल्या थंडीत पहाटे आपोआप कमी झालेली असते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एकदा भरली आणि झाले, असे चालत नाही. निदान आठवड्यातून दोनदा तरी मोजावी.

बैलगाडीवाल्यांनी तर हे जास्तच ध्यानात घ्यावे. कमी हवेची गाडी ओढायला जड जाते. ट्रॅक्टरला जड गेले तर डिझेल जास्त लागते, ते मालकाला कळते. बैलाला जड गेले तर तो बोलून दाखवीत नाही.

नवा, जुना की रबर चढवलेला?

नवा टायर घेताना ट्रॉलीला सरळ पट्ट्यांच्या नक्षीचा घ्यावा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला उंच आडव्या नक्षीची गरज असते, कारण ते चाक जमीन पकडून ओढते. ट्रॉलीचे चाक नुसते मागून येते. तिथे आडवी नक्षी घेऊन डांबरी रस्त्यावर ती झिजवण्यात अर्थ नाही.

नायलॉन घ्यावा की रेडियल, असेही विचारतात. रेडियल लांबच्या डांबरी रस्त्यावर कमी तापतो आणि जास्त चालतो, पण त्याची बाजू पातळ असते. फडातले दगड, उसाचे तिरके तुटलेले बुडखे, पाटाचे कोपरे यांचा मार त्या बाजूवर बसतो. नायलॉनच्या टायरची बाजू जाड असते, ती हा मार सोसते. ज्याची बहुतेक वाट पाणंदीची आणि फडाची आहे त्याने नायलॉन घ्यावा. ज्याचे अंतर लांब, रस्ता चांगला आणि हवेची शिस्त कडक आहे, त्याने रेडियलचा विचार करावा. एका आसावर मात्र एक रेडियल आणि एक नायलॉन अशी जोडी कधीही लावू नये. मापही तेच हवे. थोडा मोठा आणि थोडा छोटा अशी जोडी लावली की ट्रॉली एका अंगाला कलते आणि मोळ्या त्या बाजूला सरकतात.

रबर चढवलेला टायर, ज्याला आपण रिमोल्ड म्हणतो, तो वाईटच असतो असे नाही. एस.टी. महामंडळाचे स्वतःचे रबर चढवण्याचे प्रकल्प आहेत, आणि एस.टी.तून आपली बायकापोरे रोज प्रवास करतात. विमानांचे टायरसुद्धा तपासून पुन्हा रबर चढवून वापरले जातात. सगळे अवलंबून असते ते आतल्या सांगाड्यावर. सांगाडा धड असेल तर रिमोल्ड चांगले काम देतो. सांगाडा सडका असेल तर वरचे नवे रबर म्हणजे पडक्या भिंतीला दिलेला रंग. रिमोल्ड घेताना आतून हात फिरवून बघा, कुठे धागे उघडे आहेत का, फुगवटा आहे का, जुना ठिगळ लावलेला आहे का. आणि तो ट्रॉलीच्या मागच्या आसाला लावा. पुढचा आस वळतो, तिथे टायर फुटला तर ट्रॉली आवरत नाही.

ट्रकचा उतरलेला जुना टायर स्वस्तात मिळतो म्हणून पुष्कळ जण तो घेतात. तिथे आधी वय बघा. टायरवर चार आकड्यांचा एक गट असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक दिसते, पण रबर उन्हाने कडक होऊन बारीक भेगा पडलेल्या असतात. ट्रॉल्या पावसाळाभर गोठ्याशेजारी उघड्यावर भरल्या हवेत उभ्या असतात, त्यांच्या टायरांचेही असेच होते. नक्षीबद्दल नियम सांगायचा तर, मोटार वाहनांच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे आणि धागे उघडे पडलेले नसावेत. तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना मिळाली की टायर संपला समजावे.

आणखी दोन गोष्टी. नव्या टायरला जुनी ट्यूब घालू नये. ती ताणून मोठी झालेली असते, आत चुणी पडते आणि तिथेच फाटते. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला नको, हे खरे. पण इथे कोंबडी महागाची आणि मीठच नाही, असा प्रकार होतो. दुसरे, ज्या रिमला वेगळी लोखंडी रिंग असते तिची हवा भरताना समोर उभे राहू नये. रिंग नीट बसली नसेल तर ती गोळीसारखी उडते आणि माणूस जागीच जाऊ शकतो. चाक उघडताना आधी सगळी हवा सोडावी, मगच रिंगला पहार लावावी. पंक्चर काढणारी पोरे आपल्याच गावची आहेत.

दराचा हिशेब टनावर करा

स्वस्त कोणता आणि महाग कोणता, हे दुकानातल्या किमतीवरून ठरत नाही. समजा, एक टायर बारा हजारांना घेतला आणि तो दोन हंगाम चालला. दुसरा आठ हजारांना घेतला आणि तो एकाच हंगामात गेला. मग पहिला हंगामाला सहा हजारांत पडला आणि दुसरा आठ हजारांत. वर दुसऱ्याच्या पंक्चरचे, वाया गेलेल्या खेपांचे आणि वाळलेल्या उसाचे पैसे वेगळेच. यासाठी एक साधी वही ठेवावी. टायर कधी बसवला, कोणत्या चाकाला, त्याने किती खेपा केल्या, किती टन ओढले. खेपा आणि टन तर पावत्यांवर आहेतच. दोन हंगामांत तुम्हाला कळेल की तुमच्या वाटेवर आणि तुमच्या भाराला कोणता टायर टनाला किती पैशांत पडतो. मग दुकानदाराच्या हत्तीची गरज उरणार नाही.

वाहतूकदाराची बाजू

इथपर्यंत वाचून एखादा वाहतूकदार म्हणेल, "तुमचं लिहिणं सोपं आहे. टनावर पैसे मिळतात. कमी भरलं तर डिझेल अंगावर येतं. ट्रॅक्टरचा हप्ता कोण भरणार?" त्याचे म्हणणे खोटे नाही. वाहतूकदार हा कुणी परका नव्हे, तो आपल्याच भावकीतला, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण पोरगा आहे. टोळीसाठी उचल द्यावी लागते आणि ती कधी कधी बुडते. त्यात खेप लवकर खाली झाली नाही तर दिवसाला एकच खेप होते. मग तो तीच खेप फुगवतो. जादा भाराचे मूळ पुष्कळदा केनयार्डातल्या रांगेत असते. चोवीस तासांत दोन खेपा होऊ लागल्या तर बावीस टनांच्या एका खेपेपेक्षा सोळा टनांच्या दोन खेपा कुणालाही परवडतील. म्हणून नुसता वाहतूकदाराला दोष देऊन भागणार नाही.

पण परवडत नाही म्हणून टायरने भार सोसावा, असा कायदा निसर्गात नाही. आणि फुटलेल्या टायरची शिक्षा एकट्या वाहतूकदाराला होत नाही. रात्री भरली ट्रॉली रस्त्यात उभी असते, मागे दिवा नाही, चाकांना दगड लावलेले. काम झाल्यावर ट्रॉली निघून जाते आणि ते दगड तसेच रस्त्यावर राहतात. त्यावर पडणारा माणूस कुणाचा तरी मुलगा असतो. याची भरपाई कुठल्याही ऊसबिलात होत नाही.

संचालक मंडळाला विनंती

तेव्हा सभासद या नात्याने संचालक मंडळाला आणि शेती खात्याला चार गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात.

एक, वाहतुकीचा करार करताना ट्रॉलीच्या टायरांचे माप, भाराचा क्रमांक आणि वय करारात लिहून घ्यावे, आणि गाडीला कोड नंबर देण्याआधी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चाके तपासावीत. ट्रॅक्टरची कागदपत्रे आपण तपासतो, मग टायर का नको?

दोन, त्यावरून प्रत्येक ट्रॉलीला किती ऊस झेपतो तो आकडा ठरवून ट्रॉलीवर रंगवावा. चिटबॉयला फडातच तो दिसेल. काट्यावर आकड्याबाहेर वजन आले तर पहिल्यांदा समज द्यावी, आणि वारंवार आले तर जादा वजनाची वाहतूक देऊ नये. उसाचे पैसे मात्र मालकाला पूर्ण मिळावेत, कारण ट्रॉली त्याने भरलेली नसते.

तीन, हंगामाआधी वाहतूकदारांकडून टायरांची मागणी एकत्र करून कारखान्याच्या भांडारामार्फत ती घाऊक खरेदी करावी आणि रक्कम वाहतूक बिलातून हप्त्याने वळती करावी. खत आणि बेणे आपण असेच देतो. एकट्याने घेणारा दुकानदाराच्या दराने घेतो. शंभर जणांनी मिळून घेतले तर दर आपला लागतो. सहकार म्हणजे दुसरे काय?

चार, केनयार्डात हवा भरण्याचा कॉम्प्रेसर आणि हवेचे मीटर रात्रंदिवस चालू ठेवावे, आणि भरल्या ट्रॉल्यांची रांग कमी करण्याकडे लक्ष द्यावे. ज्याची खेप लवकर खाली होईल तो आपोआप कमी भरेल.

यातल्या कुठल्याही गोष्टीला नवी इमारत किंवा मोठा ठराव लागत नाही. वर्कशॉप आहे, काटा आहे, भांडार आहे, माणसे आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कुणीतरी मांडावा, आणि आपण सगळ्यांनी त्याला हात वर करून साथ द्यावी.

तोपर्यंत एक काम प्रत्येकाच्या हातातले आहे. मागच्या हंगामाच्या पावत्या कपाटातून काढा. सगळ्यात जास्त वजनाची पावती शोधा, एका ट्रॉलीचा भार काढा, चारने भागा, आणि बाहेर जाऊन टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. आकडा कमी निघाला तर बॉयलर पेटण्याआधी काय करायचे ते ठरवा. एकदा मोळी गव्हाणीत पडली की चार-पाच महिने कुणालाच दम खायला फुरसत मिळत नाही, आणि तहान लागल्यावर विहीर खणून पाणी लागत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद